जहाजबांधणीतील प्रकल्प व्यवस्थापन: पदवीनंतर या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी, त्यांचे पालक आणि इतर उद्योगांत दोन-तीन वर्षे काढलेले तरुण यांच्याकडून हे प्रश्न सतत येत राहतात, म्हणून ते सोप्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जहाजबांधणीतला प्रकल्प व्यवस्थापक दिवसभर नेमके करतो तरी काय?

मोटारीच्या कारखान्यात आराखडा आधी पक्का होतो आणि मग त्याच आराखड्याच्या हजारो गाड्या बाहेर पडतात. जहाजाचे तसे नसते. एकाच वर्गाची चार जहाजे बांधायची असली तरी चौथे जहाज पहिल्यासारखे तंतोतंत होत नाही, आणि युद्धनौकेच्या बाबतीत तर आराखड्याचे काम चालू असतानाच पोलाद कापायला सुरुवात झालेली असते. अशा परिस्थितीत ड्रॉइंग, माल, माणसे, जागा आणि परवानगी या पाच गोष्टी एका ठिकाणी, एका वेळी हजर करणे हे प्रकल्प विभागाचे काम आहे. चार आल्या आणि पाचवी आली नाही, तर काम होत नाही, पण त्या चारांचा खर्च मात्र चालू राहतो.

आज कोणत्या कंपार्टमेंटमध्ये (जहाजाच्या आतल्या बंदिस्त खोलीत) कोणत्या ठेकेदाराला शिरू द्यायचे यावरची सकाळची बैठक, दुपारी डिझाइन विभागात अडकलेल्या ड्रॉइंगचा आणि पुरवठादाराकडे अडकलेल्या व्हॉल्व्हचा पाठपुरावा, संध्याकाळी प्रगतीचा अहवाल, असा नवख्याचा दिवस साधारणपणे जातो. ‘व्यवस्थापक’ या शब्दाने ज्यांच्या डोळ्यांसमोर केबिन उभी राहते, त्यांनी प्रश्न ६ आधी वाचावा.

२. मी मेकॅनिकलचा आहे, नेव्हल आर्किटेक्चर केलेले नाही. चालेल का?

चालेल. यार्डात, म्हणजे जहाजबांधणीच्या कारखान्यात, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल पदवीधरांची भरती नियमित होते, कारण जहाज म्हणजे केवळ सांगाडा नव्हे. त्यात पाइप, पंप, इंजिने, वातानुकूलन आणि अनेक किलोमीटर केबल असते. नेव्हल आर्किटेक्चरची पदवी आयआयटी खरगपूर, आयआयटी मद्रास, कोचीचे कुसॅट विद्यापीठ आणि इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीचे विशाखापट्टणम केंद्र अशा मोजक्या ठिकाणी मिळते. २०२२ पासून गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेत नेव्हल आर्किटेक्चर अँड मरीन इंजिनिअरिंग ही स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे.

मात्र मेकॅनिकलवाल्याने तरण आणि स्थैर्य यांची मूलतत्त्वे स्वतः वाचून घ्यावीत. ‘हे यंत्र दोन डेक वर बसवले तर काय बिघडते?’ या प्रश्नाचे उत्तर वेळापत्रकात नसते. ते जहाजाच्या गुरुत्वमध्यात असते.

३. अशा नोकऱ्या कुठे आहेत? मुंबई सोडावीच लागते का?

सोडावी लागतेच असे नाही, पण सोडायची तयारी असेल तर संधी पुष्कळ वाढतात. मुंबईत माझगाव डॉक आहे. १७७४ च्या सुमारास तिथे एक लहानशी गोदी बांधली गेली होती, १९३४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९६० मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. विनाशिका, फ्रिगेट आणि पाणबुड्या तिथे बांधल्या जातात. गोव्यात वास्को येथे गोवा शिपयार्ड आहे. पोर्तुगीजांनी १९५७ मध्ये सुरू केलेले हे यार्ड गोवामुक्तीनंतर काही काळ माझगाव डॉकच्याच हाताखाली होते. कोचीन शिपयार्ड, कोलकात्याचे गार्डन रीच आणि विशाखापट्टणमचे हिंदुस्थान शिपयार्ड ही बाकीची मोठी सरकारी यार्डे. यांपैकी शेवटचे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४१ मध्ये उभारायला घेतले होते, हे मराठी मुलांना बहुधा ठाऊक नसते. खासगी क्षेत्रात चेन्नईजवळ कट्टुपल्लीचे एल अँड टी, गुजरातेत पिपावाव आणि गोव्यात चौगुले यांचे यार्ड ही नावे लक्षात ठेवावीत.

एक गोंधळ येथेच दूर करतो. मुंबईकर ‘गोदीत नोकरी’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ तीनपैकी काहीही असू शकतो: बंदर प्राधिकरण, नौदलाची गोदी म्हणजे नेव्हल डॉकयार्ड, किंवा माझगाव डॉक. पहिल्या ठिकाणी मालाची चढ-उतार होते, दुसऱ्या ठिकाणी मुख्यतः दुरुस्ती होते आणि तिसऱ्या ठिकाणी बांधणी होते. तिघांची भरती, वेतनश्रेणी आणि परीक्षा वेगवेगळ्या आहेत. त्यामुळे अर्ज करताना जाहिरात कोणाची आहे हे नीट पाहावे.

४. सरकारी यार्डात पदवीधराने शिरायचे कसे?

कार्यकारी प्रशिक्षणार्थी किंवा व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी म्हणून शिरणे हा मुख्य दरवाजा आहे. निवड कधी गेटच्या गुणांवर, कधी यार्डाच्या स्वतःच्या संगणकीय परीक्षेवर आणि त्यानंतर मुलाखतीवर होते. पद्धत यार्डागणिक आणि काही वेळा वर्षागणिक बदलते, म्हणून गेल्या वर्षीच्या मित्राच्या अनुभवावर विसंबून राहू नये. मुलाखतीत पाठ केलेल्या व्याख्यांपेक्षा साध्या गोष्टी जास्त विचारल्या जातात. ‘हा पंप नादुरुस्त झाला तर तो बाहेर कोणत्या वाटेने काढाल?’ या प्रश्नाने भलेभले गडबडतात, कारण दार पंपापेक्षा अरुंद असू शकते हे वर्गात कोणी सांगितलेले नसते.

५. अप्रेंटिसशिप केली की पुढे कायम करतात का?

अप्रेंटिस कायद्याखालील एक वर्षाची उमेदवारी म्हणजे नोकरीचे आश्वासन नव्हे, आणि तसे कोणी तोंडी सांगितले तरी त्यावर विश्वास ठेवू नये. तरीही ती करावी असे माझे मत आहे. वर्षभर यार्डात वावरलेल्या मुलाला ब्लॉक (जहाजाचा जोडायचा मोठा तुकडा), स्पूल (पाइपचा तयार तुकडा) आणि ट्रे (केबल वाहून नेणारी पट्टी) यांतला फरक डोळ्यांनी कळलेला असतो, आणि खासगी यार्डाच्या किंवा ठेकेदाराच्या मुलाखतीत तो पाच मिनिटांत दिसून येतो.

६. रुजू झाल्यावर थेट प्रकल्प विभाग मिळतो का?

क्वचित मिळतो, आणि न मिळाला तर ते तुमच्या भल्याचेच आहे. हल शॉप (जहाजाचा सांगाडा बनवणारा विभाग), पाइप शॉप, इलेक्ट्रिकल, पेंटिंग, गुणवत्ता अशा विभागांत फिरवून मग नेमणूक करण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. त्या फिरण्याला कंटाळलेल्यांसाठी माझ्याच सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो.

एका कंपार्टमेंटचे शेवटचे रंगकाम आणि इन्सुलेशन सोमवारपासून सुरू करायचे असा तक्ता मी मोठ्या अभिमानाने काढला होता. माल आला होता, माणसे होती, ड्रॉइंग मंजूर होते. फोरमन काकांनी तक्ता पाहिला, काही न बोलता मला जहाजावर नेले आणि पलीकडच्या कंपार्टमेंटमध्ये उभे केले. तिथल्या बल्कहेडवर, म्हणजे दोन कंपार्टमेंटमधल्या पोलादी भिंतीवर, खडूने चार चौकोन आखलेले होते. ते एका यंत्राच्या बैठकीचे होते आणि त्यांचे वेल्डिंग व्हायचे होते. पोलादाच्या एका बाजूला वेल्डिंग केले की दुसऱ्या बाजूचा रंग जळतो आणि तिथे इन्सुलेशन लावलेले असेल तर आगीचाच धोका असतो. “सोमवारी रंगवणार, बुधवारी जाळणार, असं ना?” एवढेच ते म्हणाले. माझ्या तक्त्यात ते वेल्डिंग होते, पण दुसऱ्या कंपार्टमेंटच्या पानावर. त्यानंतर भिंतीच्या दोन्ही बाजू स्वतः पाहिल्याशिवाय मी कधी तारीख टाकली नाही.

७. कील, लाँचिंग, ट्रायल हे शब्द सतत येतात. यांचा क्रम आणि अर्थ काय?

पोलाद कापणे, कील ठेवणे (जहाजाच्या तळाचा पहिला भाग जागेवर मांडणे), जलावतरण म्हणजे लाँचिंग, बंदरातील चाचण्या म्हणजे ट्रायल, सागरी चाचण्या आणि सुपूर्द करणे हे मुख्य टप्पे होत. करारातील पैशांचे हप्ते सहसा अशा टप्प्यांना बांधलेले असतात, म्हणून तारखा केवळ समारंभाच्या नसतात. त्या यार्डाच्या तिजोरीच्याही असतात.

आजकाल जहाज तळापासून वर बांधत नेत नाहीत. ते ब्लॉकमध्ये बांधतात आणि ब्लॉक क्रेनने उचलून जोडतात. शक्य तितके पाइप, केबलचे ट्रे आणि यंत्रांच्या बैठका ब्लॉक जमिनीवर असतानाच बसवतात. यामागे यार्डात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाणारा १-३-८ चा ठोकताळा आहे: जे काम शॉपमध्ये १ तासात होते, त्याला ब्लॉकवर ३ आणि जहाज पाण्यात उतरल्यावर ८ तास लागतात. वर उजेड आणि क्रेन असते, तर आत बॅटरी हातात धरून वाकून काम करावे लागते. नवख्या नियोजकाने एवढा एक आकडा मनात ठेवला तरी त्याचे निम्मे निर्णय बरोबर येतील.

जलावतरणाबद्दल थोडे सविस्तर सांगतो. स्लिपवेवरून, म्हणजे पाण्याकडे उतरत जाणाऱ्या उतारावरून, जहाज पाण्यात सोडायचे तर उधाणाची भरती लागते आणि ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच येते. तारीख हुकली तर ‘उद्या करू’ म्हणता येत नाही. पुढच्या उधाणापर्यंत साधारण पंधरा दिवस थांबावे लागते, आणि तेवढ्या काळात स्लिपवे अडून राहिल्याने मागच्या जहाजाचेही काम रखडते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या घरांतून पूर्वापार चालत आला आहे. यार्डात त्यासाठी छापील तक्ते असतात, पण चंद्र तोच आहे. कोचीसारख्या ठिकाणी जहाज कोरड्या गोदीत बांधून गोदीत पाणी सोडतात, तिथे ही अडचण बरीच सौम्य होते.

आणि जलावतरण म्हणजे शेवट नव्हे. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘निलगिरी’ या फ्रिगेटचे जलावतरण सप्टेंबर २०१९ मध्ये झाले आणि ती नौदलात दाखल झाली जानेवारी २०२५ मध्ये. पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजात अजून किती काम उरलेले असते, हे बाहेरच्यांना कळत नाही.

८. प्रिमावेरा शिकलो की प्लॅनिंगची नोकरी पक्की का?

नाही. प्रिमावेरा किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे वेळापत्रक आखण्याचे सॉफ्टवेअर यावे, एक्सेल तर उत्तम यावे. पण दोन कामांमधले नाते माहीत नसेल तर सॉफ्टवेअर चुकीच्या उत्तराचाच सुबक तक्ता काढून देते (प्रश्न ६ पाहा). कोर्सच्या हजारो रुपयांपेक्षा एखाद्या लहान यार्डातली दोन महिन्यांची इंटर्नशिप अधिक उपयोगी पडते.

९. पीएमपी प्रमाणपत्र पदवीनंतर लगेच करावे का?

पीएमपी हे अमेरिकेच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचे प्रकल्प व्यवस्थापकांसाठीचे प्रमाणपत्र आहे. ते लगेच करता येतच नाही. पदवीधराला प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते. नवख्यांसाठी सीएपीएम हे त्याच संस्थेचे खालच्या पायरीचे प्रमाणपत्र आहे, त्याला अनुभवाची अट नाही. ते अंगावरच्या कपड्यांच्या इस्त्रीसारखे समजावे: असले तर बरे दिसते, पण तेवढ्यावर कोणी निवड करत नाही.

१०. युद्धनौका आणि व्यापारी जहाज यांत नियोजकाच्या दृष्टीने फरक काय?

व्यापारी जहाजाचा मालक जहाज लवकर हातात यावे म्हणून घाई करतो, कारण ते धंद्याला लागले की त्याचे पैसे सुटतात. तिथे आराखडा बराचसा ठरलेला असतो आणि इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग किंवा डीएनव्ही यांसारखी वर्गीकरण संस्था (जहाज नियमांप्रमाणे बांधले जाते ना हे तपासणारी) मंजुऱ्या देते. युद्धनौकेत ग्राहक नौदल असते, त्याचे देखरेख पथक यार्डातच बसलेले असते आणि काही शस्त्रे व यंत्रणा नौदल स्वतः पुरवते. बांधणीच्या दहा वर्षांत रडार किंवा क्षेपणास्त्राची नवी पिढी आली, तर जुनीच बसवा असे कोणी म्हणणार नाही. त्यामुळे बदल होणारच हे धरून नियोजन करावे लागते. शिकण्याच्या दृष्टीने युद्धनौका श्रीमंत आहे, तर सुरुवातीपासून शेवटापर्यंतचे पूर्ण चक्र लवकर पाहायचे असेल तर व्यापारी जहाज चांगले, कारण ते बहुधा दोन-तीन वर्षांत पुरे होते.

११. आपल्याकडे जहाजांना उशीर का होतो? त्याचा दोष प्लॅनिंगवर येतो का?

दोष येतो, आणि थोडा खराही असतो. पण कारणे पाहू. विमानवाहू ‘विक्रांत’साठी परदेशातून यायचे विशेष पोलाद वेळेवर मिळेना, तेव्हा संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओ आणि सरकारी पोलाद कंपनी सेल यांनी डीएमआर २४९ हे पोलाद देशातच तयार केले. देशाच्या दृष्टीने ही मोठी मिळकत झाली आणि पुढच्या अनेक युद्धनौकांना ते पोलाद लागले, पण त्या एका जहाजाचे वेळापत्रक तेव्हा मागे सरकले. ऑगस्ट २०१३ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी ती नौदलात दाखल झाली.

रोजच्या पातळीवरची कारणे अधिक घरगुती असतात. गिअरबॉक्ससारखे उपकरण मागवून हाती यायला दोन-दोन वर्षे लागतात, आणि ते उशिरा आले की ते आत घेण्यासाठी ठेवलेली डेकमधली मोकळी जागा बंद करता येत नाही. मग तिच्यावरचे सगळे काम थांबते. पावसाळा हे तर दरवर्षी येणारे आणि तरीही दरवर्षी विसरले जाणारे कारण आहे. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली, किंवा पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त नसेल, तर रंग मारता येत नाही. जूनमध्ये मुंबईत किंवा वास्कोत उघड्यावर ब्लॉक रंगवण्याची तारीख टाकणाऱ्याला मी नियोजक म्हणणार नाही.

उशीर करारातल्या मुदतीपलीकडे गेला आणि तो यार्डाच्या माथी असेल तर विलंबदंड लागतो. म्हणून कोणता दिवस कोणामुळे गेला याची नोंद त्याच दिवशी लेखी ठेवणे हे कनिष्ठ नियोजकाचे कंटाळवाणे, पण महत्त्वाचे काम आहे. तीन वर्षांनी वाद निघाला की वरिष्ठ त्याच वहीसाठी शोधाशोध करतात.

१२. ‘९० टक्के काम झाले’ असे सांगतात आणि तरी दोन वर्षे जातात. हे कसे?

कारण टक्के कशाचे, हे कोणी विचारत नाही. बसवलेल्या पोलादाच्या टनांवर प्रगती मोजली तर सुरुवातीलाच ती झपाट्याने वाढते, पण केबलची टोके जोडणे, यंत्रणा एकमेकींशी बोलत्या करणे आणि चाचणीत निघालेले दोष दूर करणे या कामांना वजनच नसते. म्हणून पोलाद टनांत, पाइप स्पूलच्या संख्येत, केबल मीटरमध्ये आणि शेवटी तपासून सुपूर्द केलेली कंपार्टमेंट संख्येत, असे वेगवेगळे मोजावे. वरिष्ठांना एकच आकडा हवा असतो हे खरे आहे. तो द्यावा, पण खाली हे चार आकडेही लिहावेत.

१३. पगार किती मिळतो?

सार्वजनिक यार्डांत अधिकाऱ्यांच्या ई-१ श्रेणीचे मूळ वेतन ४०,००० ते १,४०,००० रुपये आणि ई-२ चे ५०,००० ते १,६०,००० रुपये असते. त्यावर महागाई भत्ता आणि इतर भत्ते मिळतात. प्रशिक्षणकाळात कोणती श्रेणी लागू होते ते जाहिरातीतच पाहावे. खासगी यार्डांत पगार प्रकल्पांच्या संख्येबरोबर वरखाली होतो.

१४. मी बीकॉम आणि एमबीए आहे. मला जागा आहे का?

आहे, पण वेळापत्रकाच्या बाजूला नव्हे. खरेदी, करार, खर्चनियंत्रण आणि बिलांच्या बाजूला. विलंबदंड, हप्ते, बँक हमी आणि चलनदर यांवर नजर ठेवणारा माणूस प्रत्येक प्रकल्पाला लागतो. महिन्यातून दोनदा तरी हेल्मेट घालून जहाजावर जावे, म्हणजे बिलातला ‘पाइप फिटिंग’ हा शब्द कसा दिसतो हे कळेल.

१५. यार्डात मुलींना काम करता येते का? घरचे घाबरतात.

येते. डिझाइन, प्लॅनिंग आणि गुणवत्ता विभागांत स्त्रिया काम करत आहेत. शारीरिक अडचण विचाराल तर उभ्या शिड्या, अरुंद मॅनहोल आणि उन्हात तापलेला डेक या गोष्टी सगळ्यांनाच सारख्या आहेत. नौदलाच्या प्रथेनुसार जहाजाचे जलावतरण स्त्रीच्या हस्ते होते. जहाजाच्या तळाशी मात्र अजून स्त्रिया कमी दिसतात. रुजू होण्यापूर्वी कामाची पाळी (शिफ्ट), वाहन आणि जहाजाजवळच्या स्वच्छतागृहाची सोय याबद्दल थेट विचारावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

१६. या उद्योगाला भारतात भवितव्य आहे का, की परदेशच बरा?

जगातली बहुतेक जहाजे चीन, दक्षिण कोरिया आणि जपान येथे बांधली जातात. भारताचा वाटा १ टक्क्याहूनही कमी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजना मंजूर केल्या. त्यातून किती यार्डे उभी राहतील ते पाहायचे आहे, पण मागणी वाढण्याकडे कल आहे. परदेशातील युद्धनौकांच्या यार्डांत सुरक्षा मंजुरीमुळे भारतीय नागरिकाला प्रवेश अवघड असतो. व्यापारी आणि ऑफशोअर (समुद्रातल्या तेलविहिरींसाठीच्या) जहाजांच्या यार्डांत, सिंगापूर आणि आखातात, चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतर मार्ग खुला होतो.

१७. ‘प्रोजेक्ट ऑफिसर’ म्हणून कराराची ऑफर आहे. हेच प्रकल्प व्यवस्थापन ना?

सावध राहा. काही यार्डांच्या जाहिरातींत ‘प्रोजेक्ट’ या शब्दाचा अर्थ फक्त ‘ठरावीक मुदतीची नेमणूक’ एवढाच असतो. काम पाइप शॉपमधले, गुणवत्तेचे किंवा देखरेखीचे असू शकते. वाईट नाही, उलट प्रश्न ६ च्या दृष्टीने चांगलेच. पण मुदत किती, ती वाढते का आणि नेमणूक कोणत्या विभागात आहे हे लेखी विचारून घ्या. उलट बाजूही लक्षात घ्या: कायम नोकरीच्या प्रशिक्षणानंतर बहुधा बाँड असतो, आणि मध्येच सोडल्यास रक्कम भरावी लागते. सही करण्यापूर्वी ती रक्कम आणि तिची मुदत वाचावी, नंतर नव्हे.

१८. युद्धनौकेवर दोन वर्षे काम केले. बायोडाटात काय लिहू आणि काय नको?

तुमची भूमिका लिहा, जहाज नको. ‘फ्रिगेटच्या यंत्रविभागातील आउटफिटिंगचे साप्ताहिक नियोजन व पाठपुरावा’ एवढे पुरेसे आहे (आउटफिटिंग म्हणजे सांगाड्यात पाइप, केबल आणि यंत्रे बसवण्याचे काम). उपकरणाचे नाव, त्याची जागा, कंपार्टमेंटची मांडणी, जाहीर न झालेल्या चाचण्यांच्या तारखा आणि उरलेल्या कामांची यादी यांपैकी काहीही लिहू नये. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा असला तरी तो आजही लागू आहे. जहाजावरचा फोटो समाजमाध्यमावर टाकू नये, अगदी हेल्मेट घातलेला एकट्याचा असला तरीही, कारण मागे काय दिसते ते तुम्हाला कळत नाही आणि पाहणाऱ्याला कळते. शंका असेल तर मजकूर यार्डाच्या सुरक्षा विभागाला दाखवून मगच पाठवावा. मुलाखतीत कोणी खोदून विचारले, तर “ते मला सांगता येणार नाही” असे शांतपणे सांगावे. अनुभवी मुलाखतकार त्याबद्दल तुमचे गुण कापत नाही.